हालचाल रजिस्टरातलं कारण

मेढ्याच्या पुढे एसटीनं अर्धा तास गेलं की जे बाजाराचं गाव लागायचं, तिथल्या एका सरकारी कचेरीत मी सत्तरच्या दशकात टायपिस्ट म्हणून लागले. कचेरी कसली ते सांगत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती, आणि तिथं जे नव्हतं ते तेव्हा बहुतेक कुठंच नव्हतं.

माझं माहेर आष्ट्याचं. वडिलांचा ऊस. मॅट्रिक झाले, सांगलीला मामांकडे राहून मराठी टायपिंग शिकले आणि विसाव्या वर्षी ट्रंक घेऊन या डोंगरात आले. कचेरीत अकरा पुरुष आणि बाया दोन. एक मी. दुसऱ्या आवक-जावक बघणाऱ्या बाई. सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचे, मीही तेच म्हणते. चाळिशी ओलांडलेल्या, उंच, हाडापेरानं मजबूत, नऊवारी नेसायच्या. माहेर कराडजवळ मलकापूरचं, सासर इथलंच. नवरा फौजेत होता, तो सीमेवर लढताना गेला. त्यानंतर बाईंनी पदरात पोर नसताना, सासूला सांभाळत, जुन्या सातवीच्या जोरावर ही नोकरी धरली. अक्षर असं, की जावक रजिस्टर छापलेलं वाटावं.

पहिल्या दिवशी अकराच्या सुमाराला मी कचेरीच्या मागं जाऊन आले. भिंतीला एक पत्रा तिरका लावलेला होता, त्याच्या आड पुरुष जायचे. त्यापलीकडे मोकळं माळरान, त्यावर शाळेची पोरं हुतूतू खेळत होती. मी तशीच परत येऊन मशीनपुढे बसले. विचारणार कुणाला? दुपारी भाकरी खाताना बाईच हळूच म्हणाल्या,

“मागं जाऊन आलीस न्हवं? आपल्यासाठी काय न्हाई तिथं. सकाळी पानी पिऊन यायचं न्हाई. च्या अर्धा कप. भाकरीवर दोन घोट, बास. पंधरा दिसात सवं हुती.”

त्यांना होती सवय. साडेदहा ते साडेपाच, सहा वर्षं. मलाही लागली. मार्चच्या उन्हात कचेरीची कौलं तापायची, जीभ टाळूला चिकटायची, आणि मी समोरच्या माठाकडे न बघता टाईप करत राहायचे. हे चुकीचं आहे असं मला वाटलंच नाही. नोकरी करणाऱ्या बाईनं एवढं सोसायचं असतं, असंच वाटायचं.

एप्रिलमध्ये एका दुपारी मला थंडी वाजायला लागली. बाहेर लाही फुटेल असं ऊन आणि माझे दात वाजतायत. कमरेत अशी कळ, की खुर्चीतून उठवेना. बाईंनी कपाळाला हात लावला, हेडक्लार्कना “हिला घेऊन जाते” एवढंच सांगितलं आणि मिळेल त्या एसटीनं मला साताऱ्याला नेलं. दवाखान्यात एक वयस्क डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पोट दाबलं, पाठ ठोकून पाहिली, मग विचारलं,

“दिवसभरात पाणी किती पितेस?”

मी बाईंकडे पाहिलं. बाईंची मान खाली गेली.

“मीच सांगितलं तिला, पिऊ नको म्हणून,” त्या म्हणाल्या.

“का?”

बाईंनी कारण सांगितलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “हिच्या मूत्रपिंडापर्यंत गेलंय. औषधानं आता बरं होईल. पण कचेरी तीच आणि पाणी तेवढंच, तर पुन्हा याल. तुम्हाला काही होत नाही का?”

“हुतं की,” बाई म्हणाल्या. “पन मला वाटलं, वयानं हुतं.”

चार दिवस मी तिथं खाटेवर होते. परत येताना एसटीत बाई खिडकीशी बसल्या होत्या. गाव आलं तसं म्हणाल्या, “खोलीवर जायचं न्हाई. माझ्याकडं चल.”

त्यांचं घर गावाच्या कडेला, कचेरीपासून पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर. दोन खोल्या, मागं परडं. परड्यात दगडी न्हाणी आणि तिच्या पलीकडे कुडाच्या भिंतींचा, वर कौलं घातलेला, दार असलेला संडास. गावात पाटलांच्या वाड्यात सोडला तर दुसऱ्या कुणाकडे नव्हता. मी चकित होऊन बघत राहिले, तर ओट्यावरून सासूबाई बोलल्या,

“माझ्या लेकानं खणलाय त्यो. सुट्टीवर आला आन दुसऱ्याच दिशी कुदळ घेऊन परड्यात. मी म्हनलं, आरं काय विहीर काडतोस काय? तर म्हनतो, आये, मिल्ट्रीत मुक्काम पडला की पयलं काय करत्यात ठावं हाय का? संडास. तंबू मागनं. आमी गडीमान्सं आसून आमाला लागतो, आन तुमी बायका पहाटंच्या ओढ्याला जाता! गाव लय हसलं बग. पन तीन पुरुष खोल खड्डा काडला पठ्ठ्यानं. दगडांनी बांदला.”

म्हातारी हे सांगताना रडली नाही. तिच्या आवाजात नुसता अभिमान होता. बाई मात्र चुलीपुढे पाठ करून बसल्या होत्या. तिथूनच, कुणाकडेही न बघता म्हणाल्या,

“घरात मला हे करून गेला मानूस. आन मी कचेरीत सा वर्सं गप बसले. वर तुलाबी गप बसाय शिकवलं.”

आठ दिवस त्यांनी मला तिथं ठेवलं. तांब्या भरून उशाशी ठेवायच्या, आणि सुट्टीच्या दिवशी तो रिकामा होईपर्यंत समोरून हलायच्या नाहीत.

मी कामावर रुजू झाले त्याच सकाळी त्यांनी अर्ज लिहिला. त्यात त्यांनी नवीन बांधकाम मागितलं नव्हतं. कचेरीच्या पाठीमागं, इमारतीला लागूनच, एक दगडी खोली होती. दार होतं, कुलूप होतं, आत मोडक्या खुर्च्या, तुटकी टेबलं आणि फाटक्या ताडपत्र्या. ती खोली मोकळी करून स्त्री कर्मचाऱ्यांसाठी द्यावी, खड्डा आणि भांडं यांची सोय करावी, एवढंच. लांबी-रुंदी त्यांनी बाहेरून पदरानं मोजून लिहिली होती. मी तो अर्ज टाईप केला. टाईप करताना माझे कान गरम झाले होते. मग बाईंनी स्वतःचाच अर्ज स्वतः आवक केला, क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि हेडक्लार्कच्या टेबलावर ठेवला.

हेडक्लार्क साताऱ्याचे. स्वच्छ धोतर, टोपी, तोंडात कधी शिवी नाही. त्यांनी अर्ज वाचला, पालथा घातला आणि त्यावर कागद-दाब ठेवला. “बघू,” म्हणाले. “यावर जरा चर्चा करावी लागेल.” चर्चा कुणाशी आणि कशी करायची, हाच त्यांचा पेच होता. तो विषय त्यांच्या तोंडून निघेना, आणि कचेरीच्या साहेबांसमोर तर नाहीच. महिना गेला. बाईंनी स्मरणपत्र दिलं. तेही आवक झालं आणि त्याच कागद-दाबाखाली गेलं.

आता हालचाल रजिस्टराचं सांगते. कामाच्या वेळेत कुणी कचेरीबाहेर गेलं, तर त्यात नाव, जाण्याची वेळ, कारण आणि परत येण्याची वेळ लिहायची. पुरुष चहाला जायचे आणि ‘कार्यालयीन काम’ लिहायचे. त्यावर मागच्याच वर्षी हेडक्लार्कनी भिंतीला परिपत्रक डकवलं होतं, की कारण मोघम लिहू नये, स्पष्ट लिहावं.

जूनच्या सुरवातीला एक दिवस साडेअकराला बाई उठल्या. माठातलं पाणी सगळ्यांसमोर दोन पेले प्यायल्या. रजिस्टर उघडलं, लिहिलं, पिशवी घेतली आणि छत्री उघडून चालू लागल्या. त्या फाटकाबाहेर पडल्या तसा एकजण वाचायला गेला आणि तसाच मागं फिरला. मग दुसरा गेला. मीही गेले. त्या छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: ‘लघवीसाठी घरी. कार्यालयात सोय नाही. जाण्याची वेळ ११.३०.’

बारा वाजून दहा मिनिटांनी त्या आल्या, वेळ भरली आणि कामाला बसल्या. दुपारी तीनला पुन्हा गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी हेडक्लार्कनी त्यांना बोलावलं. मी शेजारीच होते.

“बाई, अहो, हे काय लिहिताय? चार माणसं वाचतात.”

“वाचू द्या की. कारन स्पष्ट लिवा म्हनून तुमीच लावलंय न्हवं भिंतीला?”

“तसं नाही हो... निदान लघुशंका तरी लिहा.”

“शंका कसली त्यात, भाऊसाहेब? मला काय शंका न्हाई.”

कोपऱ्यात कुणीतरी हसलं. हेडक्लार्कही कसंबसं हसले आणि चष्मा पुसायला लागले.

हसणं पुढे बरेच दिवस चाललं. एका सकाळी बाईंच्या नोंदीखाली कुणीतरी पेन्सिलीनं एक ओळ लिहून ठेवली होती. ती मी इथं लिहिणार नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी ती ओळ शांतपणे वाचली. रबर मागितलं नाही. खाली शाईनं ‘शेरा पाहिला’ असं लिहून सही केली, तारीख टाकली आणि त्याच्याखाली आपली त्या दिवसाची नोंद केली. त्यानंतर पेन्सिल चालली नाही.

मला त्या कधी म्हणाल्या नाहीत, की तूही लिही. मी त्यांच्याबरोबर जायचे, पण रजिस्टरात ‘खासगी’ लिहायचे. भर पावसात, एका छत्रीत, चिखलातून आम्ही दोघी जायचो. वाटेत बाई एकदा सहज म्हणाल्या, “तू खासगी लिवतीस, त्येचं मला काय न्हाई. पन खासगी म्हनलं की लोकास्नी वाटतं, आपन काय चोरून करतोय.” बास, एवढंच. दुसऱ्या दिवशी मी पेन हातात घेतलं. सगळी खोली माझ्याकडे बघतेय असं वाटत होतं. खरं तर कुणीच बघत नव्हतं. ‘ल’ वाकडा आला. पण लिहिलं. आणि बाहेर पडल्यावर मला इतकं हलकं वाटलं, की पावसातही पदर डोक्यावर घ्यायचं भान राहिलं नाही.

त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट. हेडक्लार्क एकदा माझ्या टेबलाशी आले, मशीनवरचा कागद उगाच चाळला आणि अगदी दबक्या आवाजात म्हणाले, “तुम्हाला एक विचारू? शाळेत मुली काय करतात हो?” त्यांची मुलगी तेव्हा हायस्कुलात होती. मी म्हटलं, “आम्ही घरी येईपर्यंत थांबायचो, भाऊसाहेब.” ते कागद सोडून जागेवर जाऊन बसले. त्या दिवशी कागद-दाबाखालचा अर्ज निघून साहेबांच्या फाइलीत गेला. साहेबांनी त्यावर ‘पाहिले’ लिहिलं आणि तो परत आला.

सप्टेंबरात दप्तर तपासणी होती. साताऱ्याहून मोठे साहेब जीपनं आले. तपासणी म्हणजे आठ दिवस आधी धूळ झाडणं, गठ्ठे बांधणं, शिपाईमामांनी माठ घासणं. रजिस्टरं ओळीनं मांडली. कुणीतरी हेडक्लार्कना सुचवलं होतं, की हालचाल रजिस्टर नवीन करा आणि जुनं कपाटात टाका. हेडक्लार्क म्हणाले, “नाही. दप्तर आहे ते. जसं आहे तसं जाईल.” त्यांचं हे वाक्य मी आजही त्यांच्या बाजूला जमा धरते.

मोठे साहेब उशिरा येणाऱ्यांची नावं शोधायला ते रजिस्टर चाळायला लागले. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मग मागं जाऊन जूनपासून वाचायला लागले. त्यांनी बाईंना बोलावलं.

“या नोंदी तुमच्या?”

“व्हय साहेब.”

“दिवसातून दोनदा, चाळीस-चाळीस मिनिटं?”

“चालायला तेवढी लागत्यात. पाऊस आसला तर पाच जास्त.”

“ही दुसरी सही कुणाची?”

“ह्या पोरीची. एप्रिलात हिला सातारच्या दवाखान्यात न्ह्यावं लागलं. डाक्टरीणबाई म्हनल्या, पानी प्या. पानी प्यालं की जावं लागतं, साहेब.” मग म्हणाल्या, “सा वर्सं मी कचेरीचा येक मिन्टबी वाया घालवला न्हाई. त्येचा मला आता पस्तावा हुतोय.”

मोठे साहेब उठले. सगळ्यांना वाटलं, रागावून निघाले. पण ते मागच्या दारानं बाहेर गेले आणि बूट चिखलात बुडवत इमारतीला पूर्ण वळसा घालून आले. पत्रा पाहिला, माळरान पाहिलं, कुलूप लावलेली खोली पाहिली. परत येऊन म्हणाले, “खोली तर आहे. मग अडलंय कुठं?”

हेडक्लार्क पुढे झाले. “साहेब, आतल्या मोडक्या सामानाचं निर्लेखन झालेलं नाही. ते दप्तरी कमी झाल्याशिवाय हलवता येत नाही.”

“किती दिवस झालं नाही?”

“मी इथं येण्याच्या आधीपासून, साहेब.”

मोठ्या साहेबांनी खुर्ची ओढली. “यादी करा. मी जेवायच्या आधी सही करतो.”

मी आयुष्यात इतक्या वेगानं कधी टाईप केलं नाही. मोडक्या सामानाच्या जुन्या रजिस्टरावरून: हात तुटलेल्या खुर्च्या, पाय नसलेली टेबलं, निकामी कंदील. सही झाली. साहेब जेवायला बसले आणि शिपाईमामांनी खोलीचं कुलूप फोडलं, कारण किल्ली कुठं आहे ते कुणालाच माहीत नव्हतं.

काम मात्र दिवाळीनंतर झालं. गवंडी आला तेव्हा बाई टेबल सोडून त्याच्या डोक्याशी उभ्या. झरोका माणसाच्या उंचीच्या वर पाहिजे, पण पाहिजेच, उजेड आणि वारा आला पाहिजे. कडी आतून, आणि ती भक्कम. पाण्याचा पिंप दाराच्या आत. सगळं झाल्यावर गवंडी हत्यारं आवरायला लागला तर म्हणाल्या, “आन खुंटी?”

“खुंटी कशाला, बाई?”

“पिशवी कुटं ठेवायची? वल्या फरशीवर? पदर कुटं आडकवायचा? आरं, बायकांचं काम हाय हे. दोन खुंट्या मार. येक जरा खाली, बुटक्या बाईचा हात पोचंल आशी.”

किल्ली हेडक्लार्कच्या ताब्यात राहावी असं कचेरीच्या साहेबांचं म्हणणं पडलं. ते बाईंनी ऐकलं नाही. किल्ली त्यांच्या टेबलाच्या कडेला लटकली, आणि ती फक्त आमच्या दोघींसाठी नव्हती. डोंगरातल्या वाड्यांवरून बाया दाखल्यांसाठी यायच्या. पहाटे निघालेल्या, दहाला पोचून संध्याकाळपर्यंत ओसरीवर बसलेल्या. बाई नाव-गाव विचारता विचारताच किल्ली पुढे सरकवायच्या. एक धनगराची म्हातारी पहिल्यांदा घेईच ना. तिला वाटलं, सरकारी खोली, आत गेलं तर कुणी धरेल. बाई तिचा हात धरून घेऊन गेल्या. परत आली तेव्हा म्हातारीनं दोन्ही हातांनी बाईंच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि नुसतं “बरं झालं गं माजी बाय” म्हणाली. तिचं काम त्या दिवशीही झालं नव्हतं, तरी ती हसत गेली.

मला ताप पुन्हा आला नाही.

त्या हिवाळ्यात मी सुट्टीवर आष्ट्याला गेले. घरी आईला हे सगळं सांगितलं. वाटलं, ती हसेल. ती भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

“तुजं तर कचेरीचं झालं,” ती म्हणाली. “माजं इचार.”

मग तिनं सांगितलं. रानात ऊस उभा असतो तोवर आडोसा असतो. माघ-फाल्गुनात ऊस तुटला, की बांधापासून रस्त्यापर्यंत सगळं मोकळं. घराशेजारून बैलगाड्या जा-ये करतात. मग ती, काकू आणि शेजारच्या बाया दिवस मावळेपर्यंत पाण्याला शिवत नाहीत. कमरेत कळ येते, लघवीला आग होते, ती जिरं-धने उकळून पिते. सतरा-अठरा वर्षं. मी तिच्या पोटची, तिच्या शेजारी झोपणारी, मला हे माहीत नव्हतं. मीही तोच ऊस बघत मोठी झाले होते, पण दिवसा शाळेत असायचे आणि अंधार पडल्यावर बायांबरोबर जाणं मला रीतच वाटायची. आमच्या घरात तुटणारा ऊस म्हणजे फक्त आनंदाची गोष्ट होती.

वडिलांपुढे मी विषय काढला. ते म्हणाले, “बघू पुढच्या साली.” मी बाईंना पत्र लिहिलं, आणि माझी सुट्टी संपायच्या आत, माघ लागायच्या आधी, बाई मलकापूरला माहेरी जायच्या त्या वाट वाकडी करून आष्ट्याला आल्या. वडिलांनी त्यांना पाट दिला, चहा दिला. फौजी माणसाची बायको म्हटल्यावर त्यांचा आवाजच बदलला. बाईंनी मोठं भाषण केलं नाही.

“आवं दादा, बैलास्नी गोठा हाय न्हवं तुमचा?”

“हाय की. चांगला पत्र्याचा हाय.”

“दावा तरी.”

गोठा दाखवायला वडील परसात गेले. त्यांनी हौसेनं दाखवला. फरसबंदी, मुताला उतार दिलेला, कडेनं पाट काढून खड्ड्यात सोडलेला. बाईंनी सगळं बारकाईनं पाहिलं, वाखाणलं. मग म्हणाल्या, “लय झाक केलंय. आता येवढंच वैनींस्नी करा.”

वडिलांनी बैलांपुढची वैरण उगाच सारखी केली. पण जेवणानंतर मी पाहिलं, तर दोघं परसात उभे. बाई पावलं मोजत होत्या, विहिरीपासून किती लांब ते सांगत होत्या, आणि वडील काठीनं जमिनीवर रेघ मारत होते. आई दाराआडून बघत होती. तिनं तोंडाला पदर लावला होता. मला वाटलं रडतेय, जवळ गेले तर हसत होती. “तुज्या बापाला गोट्यात न्हेऊन धरलं बग बाईनं,” म्हणाली.

पंधरा दिवसांत खड्डा झाला. तिसऱ्या आठवड्यात आमच्या रानात कोयते लागले. त्या साली ऊस तुटत असताना आई भर दुपारी घागरीतून पाणी काढून प्यायली, हे तिनंच मला पत्रानं कळवलं. तिला लिहिता यायचं नाही, माझ्या धाकट्या भावाकडून लिहवून घेतलं होतं. त्यानं काय समजून लिहिलं असेल कुणास ठाऊक. खाली तिनं आणखी एक वाक्य घालायला लावलं होतं, की काकू रोज येते, शेजारच्या दोघी येतात, सकाळी दाराशी रांग लागते, आणि तुझे वडील गोठ्यासमोर उभे राहून म्हणतात, ह्या बायकांपायी मला आणखी एक खणावा लागणार.